अर्ध्या विहिरीचं घर

परभणीतलं ते घर घ्यायचं की नाही, यावर आमच्याकडे दीड महिना बोलणं चाललं. संक्रांत होऊन गेली होती, ज्वारी काढणीला आली होती, आणि हैदराबादची रियासत अजून जागच्या जागी होती. मी वीस वर्षांचा होतो. झालं ते जसं आठवतं तसं लिहितो आहे. रंग चढवावा असं त्यात मला आता काही दिसत नाही.

आम्ही झरीचे. घरात चौघं: आबा, माय, अक्का आणि मी. अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन ताडकळसला गेली आणि पाच वर्षांनी परत आली. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली होती. अक्काला कुणी मारलं नाही, हाकललंही नाही. फक्त तिचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत हलवलं. ती एक रात्र तिथं झोपली, सकाळी बाजाराला जाणाऱ्या गाडीत बसून परभणीपर्यंत आली आणि तिथून चालत झरीला. आबांनी काही विचारलं नाही. माय म्हणाली, "हातपाय धू, भाकरी खा." त्या दिवसापासून ती घरात होती. तिचं पुढं काय, हे कुणी बोलत नव्हतं.

मी तेव्हा परभणीला शिकायला लागलो होतो. शिक्षण सगळं उर्दूत. सुट्टीत घरी आलो की मी धडे मोठ्यानं पाठ करी आणि अक्का चुलीपुढं बसून ऐके. समोर बसूनच शिकल्यामुळं तिला अक्षरं आधी उलटी वाचता आली, सुलटी नंतर. बाळबोध मराठीही ती तशीच शिकली. मी चुकलो तर ती भाकरी थापता थापता सांगायची, "वरच्या ओळीवर जा, एक शब्द गिळलास." माझ्याहून तिचं वाचन बरं होतं. मला त्याचं काही वाटत नसे. गंमत वाटे.

ही गंमत मी परभणीत सांगितली, तिथून सगळं सुरू झालं. मी एका पेशकारांच्या घरी बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहत असे. हे गृहस्थ तहसील कचेरीत कामाला होते. त्यांच्या भिंतीला लागून मुलींच्या सरकारी शाळेच्या मुख्य बाई राहत. विधवा, पडदा पाळणाऱ्या. सगळा मोहल्ला त्यांना उस्तानी म्हणे. झरीची एक बाई पुस्तक उलटं धरून वाचते, हे त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी पडद्याआडून मला हाक मारून खात्री करून घेतली आणि पुढं तीन वर्षं माझ्या हाती अक्कासाठी पुस्तकं पाठवत राहिल्या.

शेवटच्या वर्षी माझ्या हाती पत्रकं आली. ती सरहद्दीपलीकडून कापडाच्या गाठींत दडवून येत. एक वाचून झालं की आम्ही हातानं चार प्रती काढायचो. पाठ्यपुस्तकांनी मला जे दिलं नाही ते या चोपड्यांनी दिलं: राग कुणावर करायचा, ते. मायबोली सोडून दुसऱ्या भाषेत शिकवणारी शाळा ही चाकर घडवायची जागा आहे. ज्या सरकारला आपण मानत नाही त्याचा पगार घेणं म्हणजे त्याच्या जुलमात वाटा घेणं. मी परीक्षेच्या आधी शाळा सोडली, गावी आलो आणि शपथ घेतली की दरबारी भाषेत एक अक्षर लिहिणार नाही. आबा रागावतील असं वाटलं होतं. ते गावात सांगत फिरले, "पोरगं शब्दाचं पक्कं हाय."

त्यानंतर वर्षभरानं पेशकारांची हैदराबादला बदली झाली. घर विकायचं होतं. त्यांनी आबांना निरोप पाठवला आणि त्याच निरोपात उस्तानींचा निरोप होता: त्यांच्या शाळेत खालच्या वर्गाला बाई हवी आहे, अक्कानं मिडलची परीक्षा दिली तर त्या तिला घेतील. मात्र बाईमाणूस शहरात एकटं राहू शकत नाही. भाड्याच्या खोलीत, परक्या अंगणात तर नाहीच. आपलं स्वतःचं घर असलं, माय सोबत राहिली, तरच. म्हणून घर.

आम्ही तिघं गाडी जुंपून गेलो. आबा, अक्का आणि मी. माय म्हशीपाशी राहिली.

आबांनी घर शेतासारखं पाहिलं. आधी अंगणातली मूठभर माती उचलून नाकाशी धरली.

पेशकार हसले. "क्या सूंघ रहे, पटेल? यहां क्या बोना है?"

"पेरायचं न्हाई काई. मोरीचं पाणी कुठवर मुरलंय ते कळतंय."

मग ते शिडीनं माळवदावर चढले आणि टाचेनं ठोकत सगळीकडे फिरले. एका कोपऱ्यात थांबले. "हितं गळतंय."

"दो टोकरी सफेद मिट्टी डालो, बस."

"टोपल्याचं काम न्हाई, सायेब. दोन गाड्या लागतील."

विहिरीपाशी मात्र त्यांनाही काही सुचलं नाही. मधली भिंत विहिरीवरून गेली होती. अर्धी विहीर इकडे, अर्धी उस्तानींकडे. दोन्हीकडे आपापला रहाट. आबांनी इकडून खडा टाकला, तर पलीकडून बाईचा आवाज आला, "कौन है?" आबा दचकून मागं सरले. अक्का हसली. तिला तसं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं.

कागद करण्याआधी एक गोष्ट बाकी होती. रियासतीच्या कायद्यात लगतच्या शेजाऱ्याचा पहिला हक्क असे. त्याला शुफा म्हणत. विक्रीची गोष्ट कानावर पडताक्षणी शेजाऱ्यानं साक्षीदारांपुढं 'हक्क माझा' असं म्हटलं, तर त्याच किमतीला घर त्याचं. ऐकून गप्प बसला, तर हक्क गेला. पुढं भांडण नको म्हणून शहाणे लोक आधीच दोन साक्षीदार घेऊन शेजाऱ्याकडे जात, सांगत आणि त्याच्या गप्प बसण्याची वाट पाहत.

आम्ही गेलो. साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचा शिंपी आणि एक विडीवाला होता. उस्तानी चिकाच्या, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांच्या, पडद्याआड बसल्या होत्या. पेशकारांनी ठरलेल्या शब्दांत सांगितलं: मी हे घर झरीच्या अमक्याला विकतो आहे, तुमचा हक्क आहे, ऐका.

आत कुणी बोललं नाही. शिंपी खाकरला. मग आतून आवाज आला, "लडकी आयी है क्या?"

अक्का पुढं झाली. पडद्याखालून एक पुस्तक बाहेर आलं. अक्कानं उभ्यानंच वाचलं. अर्धं पान झाल्यावर आतून एक शब्द सुधारून आला. अक्कानं ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि पुढं गेली.

"बस," उस्तानी म्हणाल्या. "पटेल, मेरे को घर नक्को. घर ले को मैं क्या करूं? मेरे को पडोस होना. ये लडकी आ को रही तो मैं चुप बैठूंगी. ये नहीं आयी, और कोई व्यापारी-बेपारी आया, तो उसी वक्त उठ को अपना हक बोलूंगी. सोच लेव. पाडवे तक बोलो."

"मुलगीच राहणार हाय, बाई," आबा म्हणाले. "तिच्यापायीच बघायलोत."

पुस्तक त्यांनी परत घेतलं नाही.

येताना गाडीत अक्का मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती. निम्मी वाट सरली. मग म्हणाली, "आबा, आतल्या खोलीत देवळी हाय ना, ती पुस्तकाला बरी हाय. वल लागत न्हाई तिथं." आबा म्हणाले, "बघितली मी." एवढंच.

नंतरचे दिवस जेवताना हाच विषय. मायची बाजू रोज बदले.

"त्याच विहिरीचं पाणी प्यायचं आपुन?"

"पाण्याला मधी भिंत हाय का?" आबा म्हणत.

"वर हाय की."

"मग वरचं वर राहू दे. खालचं पी."

"आन् म्हैस? तिला काय मोहल्ल्यात न्यायची? कचेरीच्या लोकांच्या दारात शेण टाकंल ती."

"टाकू दे. त्यांनी आपल्या दारात काय कमी टाकलंय?"

माय हसे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणे, "दवाखाना जवळ हाय म्हण तिथं. माझे गुडघे तरी दावता येतील." ओढ्याकाठचा तुकडा विकावा लागणार होता, त्याबद्दल तिनं एकदाच विचारलं. आबा म्हणाले, "तुकडा तिच्या वाट्याचा समज." त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही.

मी बोलत नव्हतो. सोबत्यांना काय सांगायचं, हे माझ्या डोक्यात होतं. आमच्यापैकी दोघं सरहद्दीपलीकडे गेले होते, एक तुरुंगात होता. आणि माझी बहीण सरकारी शाळेत, सरकारी भाषेत, सरकारी पगारावर. मी ज्या घरात पत्रकांच्या प्रती काढतो त्याच घरातली.

एका सकाळी आबा म्हणाले, "तू लिव्हणारा हाईस. दोन बाजू मांड. घ्यावं कामून, न घ्यावं कामून. मग वाचून दाखव. वळीनं कानावर आलं की उमगतंय."

मी एका पत्रकाच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ ओढली. डावीकडे घेण्याची कारणं. स्टेशन जवळ. दवाखाना जवळ. मोंढ्यात माल नेला की मुक्कामाची सोय. भिंती जाड, लाकूड सागाचं. उजवीकडे न घेण्याची. माळवद गळतं. विहीर अर्धी. गल्ली अरुंद, गाडी दारापर्यंत येत नाही. पावसाळ्यात नाल्याचं पाणी चढतं. ओढ्याकाठची जमीन जाते. घराची दोन ठिकाणं होतात, माणसं वाटली जातात. मोहल्ला कचेरीवाल्यांचा. दिवस धामधुमीचे. शहरात कधी काय होईल सांगता येत नाही. अशी नऊ झाली. दहावं लिहिलं: अक्का सरकारची नोकर होईल.

ओसरीवर बसून मी वाचून दाखवलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. अक्का समोर सुपात डाळ निवडत होती. नऊ वाचून मी थांबलो.

"दहावं वाच की," अक्का म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

"नऊच आहेत."

"दहा हायत. खालची वळ राहिली."

ती कागद उलटा वाचत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी दहावं वाचलं.

माय दारात उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "ते तिकडं कामून लिव्हलंस? ते तर हिकडच्या अंगाला पायजे. त्याच्यापायीच तर घर बघायलोत."

मग मी बोललो. तोवर साठवलेलं सगळं बोललो. पत्रकांतली वाक्यं मला पाठ होती, ती एकामागून एक आली. आपल्या मुलींच्या तोंडून आपली भाषा काढून घेणारी ती शाळा. तो पगार कुणाकडून सक्तीनं घेतलेल्या लेव्हीच्या धान्यातून येतो, ते. उद्या इतिहास विचारेल तेव्हा या घरानं काय उत्तर द्यायचं, तेही. आबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "खरं हाय तुझं. पर तिचं काय?"

"तिचंही मी बघीन. स्वराज्य आलं की मराठी शाळा निघतील, तिथं जाईल ती."

"कवा?" अक्का म्हणाली.

"लवकर."

"लवकर म्हंजी कवा? पाडव्याच्या आधी?"

माय हसली. मला ते सहन झालं नाही. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का त्या शाळेत गेली, तर मी या घरातलं पाणी पिणार नाही. आजपासूनच नाही."

असं कुणी म्हटलं की आमच्याकडे त्याला समजावत नाहीत. आबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. पोरगं शब्दाचं पक्कं आहे, हे त्यांनीच गावाला सांगितलं होतं. माझा ताट-तांब्या मायनं उचलला आणि स्वतःचंही ताट फळीवर पालथं घातलं. मुलानं पाणी सोडलं की माय जेवत नाही. तेही तिला सांगावं लागत नाही.

मी दीड दिवस पाणी प्यालो नाही. बाहेरही नाही. फसवणं माझ्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी माय म्हशीखाली धार काढायला बसली आणि तिथंच एका अंगाला कलंडली. दूध सांडलं. अक्कानं तिला उचलून ओसरीवर आणलं, पदरानं वारा घातला. मग ती आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली.

"आबा," ती म्हणाली, "सांगून द्या पेशकाराला. मला न्हाई जायचं."

"तुझ्या मनानं म्हणायलीस?"

"मनाचं काय घेऊन बसलाव? माय उपाशी हाय."

"मनानं म्हणायलीस का, ते इचारलं मी."

"व्हय. मनानं."

आबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. अक्का माझ्यासमोर आली आणि तांब्या पुढं केला. मी घेतला. पाणी गार होतं. मी सगळं प्यालो आणि तिनं आणखी एक भरून आणला, तोही प्यालो.

आबा एकटेच परभणीला जाऊन सांगून आले. पुस्तक परत करायला नेलं होतं ते तसंच घेऊन आले. उस्तानी म्हणाल्या होत्या, "रहने देव. किताब का क्या कसूर?" आठवड्याभरात पेशकारांनी एका कापसाच्या अडत्याशी सौदा ठरवला आणि साक्षीदार घेऊन पुन्हा त्या पडद्यासमोर गेले. त्यांचं सांगून व्हायच्या आत उस्तानी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हक्क सांगितला. घर त्यांच्या पुतण्याच्या नावावर झालं. खालच्या वर्गाला दुसरी बाई मिळाली.

माझं कौतुक झालं. पुढच्या एका पत्रकात चार ओळी आल्या, नाव न घालता: एका तरुणानं अन्नपाणी सोडून आपलं घर सरकारी मोहापासून वाचवलं. बहिणीचा उल्लेख नव्हता. ते पत्रक मी घरी आणलं होतं. दोन दिवसांनी ते चुलीशेजारच्या सरपणावर दिसलं. जाळलेलं नव्हतं. घडी मात्र माझी नव्हती.

त्या चोपड्यांतलं एकही वाक्य खोटं होतं असं मी आज म्हणणार नाही. मी ते पुन्हा वाचून पाहिलं आहे. वाक्यं खरी आहेत. ती वाचताना पूर्वी छातीत जे व्हायचं ते आता होत नाही, इतकंच.

पुढच्या वर्षीच्या भादव्यात रियासत गेली. आम्ही जे मागत होतो ते मिळालं. गावात गुलाल उधळला, मीही उधळला. परभणीच्या त्या मोहल्ल्यातली बरीच घरं बंद झाली. उस्तानी भावाकडे निघून गेल्या, कुठल्या गावी ते कळलं नाही.

दिवाळीनंतर मराठी शाळांसाठी शिक्षिका हव्यात, असा हुकूम निघाला. बाहेरून परीक्षेला बसता येणार होतं आणि परीक्षा मराठीत होती. मी परभणीहून अर्जाचा कागद आणला. तो मराठीत छापलेला होता. मी अक्काला आधी विचारलं नाही, ओसरीवर बसून भरायला लागलो. नाव, गाव, वडिलांचा धंदा. ती शेतात निघाली होती, कापूस वेचायची ओटी कमरेला बांधत होती.

"अक्का, वय लिहायचंय. पंचवीस लिहितो. पंचविसापर्यंतच घेतात."

ती थांबली. "कुणाचं वय?"

"तुझं. परीक्षेचा अर्ज आहे."

ती जवळ आली, कागद समोरूनच पाहिला. सगळा वाचला. "पंचवीस कशावरून?"

"मी बावीसचा. म्हणजे तू..."

"तू मायच्या पोटात होतास तवा मी तिच्यासंगट कापूस येचायला जायचे," ती म्हणाली. "अठ्ठावीस हाय मी."

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी मोजलं नव्हतं. मी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसलो. झरीत कुणाच्या जन्माचा कागद नव्हता. पंचवीस लिहिलं असतं तर कुणी विचारायला आलं नसतं. निम्म्या गावाची वयं तशीच लिहिलेली होती.

"खोटं लिव्हशील का?" अक्कानं विचारलं.

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं ओटीची गाठ आवळली आणि बायकांच्या हाका येत होत्या तिकडे निघून गेली.

मी अठ्ठावीस लिहिलं. शाई वाळेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी परभणीला जाऊन अर्ज खिडकीत दिला. कारकुनानं वयाचा रकाना पाहिला, कागद परत माझ्याकडे सरकवला आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.